तुंब्यातल्या डांबरगोळ्या

मी दारू पीत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या वरोऱ्याच्या घरी पहिल्यांदा आलेला माणूस आधी समोरच्या खोलीतलं कपाट बघतो आणि मग माझे डोळे लाल आहेत का ते बघतो. कपाटात एकेचाळीस नग आहेत. चांदीच्या झाकणाची, कोटाच्या खिशात बसेल अशी चपटी कुपी. तिच्या साहेबाने तिच्यावर ससा कोरून घेतला आहे, बहुधा वाघ मिळाला नसावा. बिदरी कामाची सुरई. कुठल्याशा जुन्या विश्रामगृहाच्या लिलावातून आलेला, दारू ओतून ठेवायचा काचेचा डिकँटर, बुचाला टवका उडालेला. एकात एक बसणारे सहा पितळी पेले. सगळ्यांची धूळ मी स्वतः पुसतो. आतून सगळे कोरडे. "तुमच्यासारखेच," असं बायको म्हणते.

यातला बराचसा माल सादिक भंगारवाल्याने आणून दिला. त्याचं म्हणणं असं की, "भाऊ, पिणारा बाटली रिकामी करून फेकून देते, तुमी रिकामीच जमा करून राह्यले. वरती दोघालेही एकाच रांगेत उभं करतीन."

बेचाळिसाव्या नगाची जागा रिकामी आहे. मधल्या फळीवर, बरोबर नजरेच्या उंचीला. तिथे इसरू सिडाम यांचा तुंबा होता.

तीस वर्षं मी जिल्ह्यातल्या एका साप्ताहिकात चिमटे काढायचं सदर लिहिलं. त्या सदराचं सगळं भांडवल म्हणजे थाप मारायची आणि चेहरा सरकारी परिपत्रकासारखा ठेवायचा. सदर बंद झालं, चेहरा राहिला.

आपल्या जिल्ह्यात दारूबंदी लागून दुसरं वर्ष चालू होतं. सादिकच्या गाडीत बसून मी जिवतीकडच्या डोंगरात गेलो होतो. तो पितळ शोधत होता, मी काहीही. एका पाड्यावर पाणी प्यायला थांबलो, तर समोर दाराच्या खुंटीला तो लटकलेला. कमरेत आवळलेला, वर लहान पोट आणि खाली मोठं पोट असलेला वाळका भोपळा. दोन-तीन पिढ्यांच्या हातांनी आणि चुलीच्या धुराने काळा-तांबूस झालेला. तापल्या सुरीने डागून काढलेले मोर, चंद्र, सूर्य आणि एक फणी. गळ्याला पितळी कडं. माझ्या कपाटातले एकेचाळीसच्या एकेचाळीस नग मला त्या क्षणी स्टेशनवरच्या दुकानातले वाटायला लागले.

इसरूभाऊंनी सांगितलं की मोहाच्या दारूची पहिली धार या तुंब्यात भरतात, आणि घरात लग्न असो की मयत, आधी यातून पुरख्यांच्या नावाने जमिनीवर थेंब सोडतात, मग बाकीच्यांनी प्यायची. "पुरखे हाच ओळखते, भाऊ. माह्या आज्यानं डागला."

मी तुंब्याकडे बघितलं, मान हलवली आणि म्हणालो, "इसरूभाऊ, हा असा दारात टांगू नका. नव्या कायद्यात रिकामा तुंबाही पकडतात. नुसता वास आला तरी सहा महिने."

विनोद झाल्यावर थोडं थांबायचं असतं, म्हणजे समोरच्याला हसायला जागा मिळते. मी थांबलो. हसू आलं नाही. इसरूभाऊंचा चेहरा उतरला. त्यांनी खुंटीवरून तुंबा काढला, रस्त्याकडे बघितलं आणि मला विचारलं, "मंग आता कसं करू, भाऊ?"

आता इथे मला 'अहो, गंमत केली' म्हणायचं होतं. हे म्हणायला भरपूर वेळ होता. सादिक गाडीत पितळ भरत होता, कमळाबाई, म्हणजे इसरूभाऊंची बायको, आत पाणी भरत होती, कोंबडी अंगणातून चालत गेली आणि परत आली. तेवढ्या वेळात मी म्हणालो, "माझ्याकडे ठेवा. म्हाताऱ्याच्या कपाटात कोण बघतं."

त्यांनी टॉवेलात गुंडाळून दिला. बदल्यात मी काहीच दिलं नाही, कारण ठेव म्हणून घेतली होती ना. घरी येऊन मी त्याखाली चिठ्ठी लावली: 'तुंबा. जिवती. भेट.' आणि भोपळ्याला भुंगे लागू नयेत म्हणून आत चार डांबरगोळ्या टाकल्या.

पुढच्या वैशाखात दार वाजलं. इसरूभाऊ. दोन एसट्या बदलून आले होते. हातात चारोळीची पिशवी. "कमळानं वेचली, फोडली, सुकवली. तुमी आमचा तुंबा वाचवला म्हणून." कपाटापुढे उभे राहून त्यांनी तुंब्याला हात जोडले, डिकँटरलाही जोडले, न जाणो तोही कोणाचा पुरखा असेल. चहा घेतला आणि परत गेले.

असे सात वैशाख. दरवर्षी चारोळी. बायको ती श्रीखंडात घालायची आणि मी वाटीतून एकेक दाणा वेचून कडेला ठेवायचो. तिला वाटायचं, दातात अडकते.

मधेच एका वैशाखात ते म्हणाले, "थोरला भाऊ गेला, पुसाच्या मयन्यात. कोल्ड्रिंकच्या बाटलीतून थेंब देल्ले, काय करता." आणि कपाटाकडे बघून, "पण हा सुखरूप हाय." त्या वर्षी मी श्रीखंड खाल्लंच नाही. पित्त झालंय म्हणालो.

मग बंदी उठली. दुकानांपुढे रांगा लागल्या, वर्तमानपत्रात फोटो आले. रिकाम्या तुंब्यावरची बंदी मात्र चालूच राहिली, कारण ती मी लावली होती आणि उठवायचा अधिकारही माझ्याच एकट्याकडे होता. इसरूभाऊंनी कधी विचारलं नाही. तुम्ही सांगाल तेव्हा, असं त्यांचं होतं. मी सांगत नव्हतो. तुम्हीही सांगितलं नसतं, असं मला म्हणावंसं वाटतं, पण तुम्ही बहुतेक सांगितलं असतं.

गेल्या वर्षी ते फाल्गुनातच आले, चारोळीच्या आधी. "नातवाचं लगन हाय, प्रणितचं. भाऊ, एका दिवसासाठी नेता येईन का तुंबा? पोलीस काही म्हणतीन का?"

"मीच घेऊन येतो," मी म्हणालो. बोलताना त्यांच्याकडे न बघता रस्त्याकडे बघत होतो. त्यांना वाटलं, धोका आहे.

ते गेल्यावर मी बूच काढलं आणि नाक लावलं. आठ वर्षं दर पावसाळ्याआधी मी त्यात नव्या गोळ्या टाकत होतो. आत आज्याचा वास नव्हता, मोहाचा नव्हता, धुराचाही नव्हता. जुन्या ट्रंकेचा होता. मी राख घालून धुतला. लिंबू पिळलं. खायचा सोडा. चार दिवस उन्हात, चार दिवस सावलीत. शेवटी सादिकला बोलावलं. त्याने वास घेतला, तुंबा दूर धरला आणि म्हणाला, "हा वास आता तुंब्याच्या हाडात गेला, भाऊ. त्याले खरं सांगून टाका."

"काय सांगू?"

"जे मी गाडीतून ऐकलं होतं ते."

"तू ऐकलं होतंस? मग बोललास का नाही?"

"मले वाटलं तुमी बोलतान," सादिक म्हणाला. "मंग मले वाटलं, मोठ्या माणसाची गंमत असन."

वैशाखात लग्नाच्या दिवशी सकाळी अंगणात मांडवाखाली मंडळी बसली होती. इसरूभाऊंनी मला पुढे नेलं आणि सगळ्यांना सांगितलं, "हे हरिदासभाऊ. पेपरात लिवत होते. यायनंच तुंबा वाचवला." तुंब्यात मोहाची भरली, आणि त्यांनी पुरख्यांची नावं घेत जमिनीवर थेंब सोडले. आज्याचं नाव घेतलं. थोरल्या भावाचं घेतलं. ओली माती आणि डांबरगोळी यांचा वास मांडवभर पसरला.

एका म्हाताऱ्याने नाक वर केलं. "हा वास कायचा होय, इसरू?"

"वरोऱ्याच्या कपाटाचा," इसरूभाऊ अभिमानाने म्हणाले. "मोठ्या घरी राह्यला ना तो."

आणि पहिला द्रोण त्यांनी माझ्या हातात दिला.

मी तो धरून उभा राहिलो. मग म्हणालो, "इसरूभाऊ, रिकाम्या तुंब्याचा कायदा-बियदा काही नव्हता. मी थाप मारली. मला तुंबा पाहिजे होता, म्हणून."

मग इसरूभाऊंच्या खांद्यांपासून हसू सुरू झालं आणि पोटापर्यंत गेलं. "पाहा, पाहा भाऊचा चेहरा. हसत पण नाई. असंच लिवत होते हे पेपरात." सगळा मांडव हसला. मी पुन्हा सांगितलं, खरंच सांगतोय म्हणालो, तर आणखी हसले. एकाने माझी पाठ थोपटली. तीस वर्षांत एवढं मोठं हसू मला कधी मिळालं नव्हतं.

मी द्रोण तोंडाला लावला. सुरुवातीला जे सांगितलं त्यात एवढा एक घोट वजा करा. कडवट होता, आणि शेवटाला ट्रंक उघडल्यासारखा वास.

फक्त कमळाबाई हसली नव्हती. जेवणं झाल्यावर इसरूभाऊंनी तुंबा टॉवेलात गुंडाळून परत माझ्या हातात दिला. "इथी लेकरं फोडतीन. तुमच्याकडंच बरा."

मी दोन्ही हातांनी धरला होता. कमळाबाईने तो माझ्या हातातून काढून घेतला.

"मांडवात बोलले ते खरं होतं ना, भाऊ?"

"हो, बाई."

तिने टॉवेल सोडला, तुंब्याचा वास घेतला आणि तो दाराच्या खुंटीला अडकवला. खुंटी तशीच होती. आठ वर्षं तिच्यावर कोणी दुसरं काही टांगलं नव्हतं.

यंदा वैशाखात इसरूभाऊ आले. हात रिकामे. उंबऱ्यातच उभे राहिले, आत येईनात.

"भाऊ, चारोळी नाई आणली. कमळा देत नाई म्हणते. डब्बा भरून हाय घरात, मी पाह्यला. काऊन म्हटलं तर सांगत नाई." ते खाली बघत होते. "तुमाले काही बोलली का ते? म्हातारी झाली ना. तिच्या बदल्यात मी माफी मागतो."

"कमळाबाईचं बरोबर आहे," मी म्हणालो.

"झालं, तुमची गंमत पुन्हा सुरू," ते म्हणाले आणि हसत आत आले. कपाटापुढे उभे राहिले, मधल्या फळीवरच्या रिकाम्या जागेला सवयीने हात जोडले, मग चहा घेतला.

त्या दिवशीचं श्रीखंड चारोळीशिवाय होतं. मी दोनदा वाढून घेतलं.