मिसेस थॅकरे

म्युरिएलने आयव्हीमावशीची चाकांची खुर्ची ओल्या गवतातून रेटत स्वयंपाकघरापर्यंत आणली. स्वयंपाकघर म्हणजे आता चार भिंती आणि वर आभाळ. ऑल्डवेल हॉल या जुन्या वाड्याच्या मालकांनी छपरावरचे शिशाचे पत्रे विकून खाल्ले, मग पावसाने घर खाल्लं. चुलीच्या कोनाड्यात झाड उगवलं होतं.

"मुख्य स्वयंपाकीण ना, इथेच उभी राहून तुझी आई माझ्यावर डाफरायची," मावशी म्हणाली. नव्वदी उलटली तरी जीभ धारदार होती. "सॉस फाटला की माझाच जीव घ्यायची."

म्युरिएल हसली. आज ती खुशीत होती. कोटावर युद्धात मेलेल्यांच्या आठवणीचं कागदी पॉपीचं फूल खोचलेलं होतं. येत्या रविवारी गावच्या युद्धस्मारकावर तिच्या वडिलांचं नाव झळकणार होतं. आल्बर्ट थॅकरे, तिच्या जन्माआधीच युद्धात समुद्रात बुडालेला खलाशी. त्याचं नाव राहून गेलं म्हणून तिने गावच्या कौन्सिलशी वर्षानुवर्षं भांडण मांडलं होतं. शेवटी मावशीने साक्ष दिली, यांच्या लग्नात मी हजर होते म्हणून, तेव्हा कुठे ते नमले.

अवशेष दाखवणारी टॅमसिन उत्साहात होती.

"अशा घरांतल्या मुख्य स्वयंपाकिणीला मिसेसच म्हणायचे. लग्न झालेलं असो नसो. ॲप्रनबरोबरच मिळायचं ते!"

"माझी आई मात्र खरीखुरी मिसेस थॅकरे होती हं," म्युरिएल म्हणाली.

"अय्या, त्या इथे होत्या? आणि आजी, तुम्हीसुद्धा? तुम्हाला काय म्हणायचे?"

"मला कोण मिसेस म्हणतंय! भांडी घासणारी पोर मी. चिडली की हिची आई पूर्ण नाव घेऊन ओरडायची, 'आयव्ही थॅकरे, कोळसा!'"

मावशी हसता हसता थांबली.

थॅकरे हे वडिलांचं आडनाव. आई माहेरची हॉब्ज, असंच म्युरिएल जन्मभर ऐकत आली होती. मग आईची सख्खी बहीण स्वतःच्या लग्नाआधी थॅकरे कशी?

टॅमसिन पुढच्या खोलीकडे गेली.

"मावशी, आल्बर्ट नव्हताच का?"

मावशीने गुडघ्यांवरचं पांघरूण सारखं केलं.

"तुझ्या आईने शपथ घातली होती गं. तू पोटात होतीस. गावाला तोंड दाखवायला काहीतरी नको? 'मिसेस थॅकरे' म्हणत होतेच, नवरा आणि माहेरचं हॉब्ज तेवढं रचलं."

"मग माझा बाप कोण?"

"ते तिने मलाही सांगितलं नाही."

आईचा म्युरिएलला राग आला नाही. त्या काळात बिचारी आणखी काय करणार होती?

"पण आई जाऊन किती वर्षं झाली! कौन्सिलसमोर तू त्याच्या निळ्या डोळ्यांचं वर्णन केलंस. ते तुला कुणी विचारलं होतं? घरी येऊन मी रात्रभर रडले."

"तुला बरं वाटावं म्हणून बोलले."

फसवलं, आणि तेही मायेने फसवलं. याचं काय करायचं ते म्युरिएलला कळेना. तिने खुर्ची फिरवली. गवतातून रेटत ती गाडीपर्यंत नेली.

गाडीत सीटचा पट्टा लावताना मावशीने हळूच विचारलं, "रविवारचं काय?"

म्युरिएलने कोटावरचं पॉपी काढलं आणि मावशीच्या शालीला नीट टोचलं.

"दगडावर नाव कोरून झालंय. फुलं तू वाहायचीस, मी शेजारी उभी राहीन. आणि कुणी विचारलं ना, तर डोळ्यांचं पुन्हा एकदा सांग."