अंगठ्याखालची बारा बटणं

माउस खोक्यातून बाहेर आला तेव्हा सगळं ऑफिस खुर्च्या सोडून गोळा झालं. तसं ऑफिस म्हणजे काय, मोजकी टेबलं, एक कुरकुरणारा प्रिंटर आणि काचेच्या दारापलीकडे काउंटर. लोकांची स्वयंपाकघरं आखून द्यायची, हा धंदा. ओटा कुठे, सिंक कुठे, कपाट किती खोल, ते सगळं कॉम्प्युटरवर. पण त्या दिवशी सगळे असे वाकून बघत होते, जणू कोणाचं बाळ बघायला आलेत.

"अहो, याला बटणं किती!" हिशेबवाले अण्णा म्हणाले.

"अंगठ्याखाली बारा, वरची वेगळी," मालकांनी अशा थाटात सांगितलं, की ती त्यांनीच पेरून उगवली असावीत. "आत्ताच बाजारात आलाय. दुकानदाराने वापरून बघायला दिलाय. प्रत्येक बटणाला आपण शिकवायचं, तू हे कर, तू ते कर. आवडला तर सगळ्यांना घेऊ."

"मला वगळा," अण्णा मागे सरकले. "दोन बटणांत माझं निम्मं आयुष्य गेलं. त्यातलं उजवं दाबताना अजून छातीत धडधडतं."

चित्रांत रंग भरणारी, सगळ्यांत धाकटी म्हणून जिला सगळे रंगवाली म्हणत, तिने नाक मुरडलं. "आमच्याकडे याचा जुना भाऊ आहे. नवरा गेम खेळतो. झोपेत माझ्या पाठीवरून अंगठा फिरवायचा. मला वाटलं प्रेम उतू चाललंय. कसलं काय, बंदुकीत गोळ्या भरत होता."

सगळे हसले. आराखडे काढणाऱ्या, सगळ्यांत जुन्या अक्का तेवढ्या जागेवरून उठल्या नव्हत्या.

"अक्का, बघा तरी," मालक म्हणाले.

"बघितलं इथूनच. अंगावर फोड उठलेत बिचाऱ्याच्या. ज्याला काम येत नाही त्याला बटणं लागतात. मला माझा कीबोर्ड पुरे."

एवढं होईपर्यंत बिब्बा एक शब्द बोलला नव्हता, आणि बिब्बा गप्प बसला की शहाण्या माणसाने आपली खुर्ची तपासून मग बसावं.

बिब्बा हे काही त्याचं घरचं नाव नव्हे. कोणाचं काही सुरळीत चाललं की हा त्यात बिब्बा घालणार, म्हणून ते चिकटलं. पन्नाशी जवळ आली, डोक्यावरचे केस परागंदा झाले, पण खोड जाईना. अण्णांच्या माउसच्या पोटाला चिकटपट्टी लावायची आणि अण्णा तो टेबलावर आपटत बसले की गंभीर चेहऱ्याने म्हणायचं, "थंडी बाधली असेल, जरा रुमालात गुंडाळा." मालकांची खुर्ची तो रोज बोटभर खाली करत गेला, तेव्हा उंची कमी होतेय म्हणून मालक डॉक्टरकडे जाऊन आले होते.

पण आज त्याच्या डोक्यात वेगळंच शिजत होतं. अक्कांच्या शेजारी त्याचं टेबल, त्यामुळे बाकीच्यांना न दिसलेलं त्याला दिसलं होतं. अक्कांची डाव्या हाताची करंगळी गेली होती कामातून. वर्षानुवर्षं करंगळीने एक बटण दाबून धरायचं आणि दुसऱ्या बोटाने दुसरं मारायचं, प्रत्येक दुरुस्तीला, प्रत्येक कॉपीला. आता ते दुखणं मनगटापर्यंत चढलं होतं. बाटलीचं झाकण उघडायचं असलं की त्या रंगवालीपुढे धरायच्या, "उघड गं, कोवळे हात आहेत तुझे." बाही बोटांपर्यंत ओढलेली असायची, कारण आत पट्टा होता. विचारायची सोय नव्हती. अक्का म्हणजे मोडतील पण कण्हणार नाहीत.

आणि काउंटरवरची बाई नोकरी सोडून गेल्यापासून मालक अक्कांमागे लागले होते. "जरा हात सावकाश चालतोय तुमचा. पुढे बसा ना, आराम होईल. येणाऱ्याला या म्हणायचं, पाणी द्यायचं."

"हात चालतो तोवर मी इथेच," अक्कांनी सांगितलं होतं. पण हात किती चालतो, ते त्यांना आणि बिब्ब्याला ठाऊक होतं. अर्धं शहर अक्कांनी आखलेल्या ओट्यांवर पोळ्या लाटत होतं. त्यांना पाणी द्यायला बसवायचं म्हणजे गवयाला तिकिटं फाडायला उभं करण्यासारखं.

म्हणून सगळे पांगल्यावर बिब्ब्याने माउस आपल्याकडे ओढला आणि बाराही बटणांना अक्कांची कामं शिकवून ठेवली. आता करंगळीला सुट्टी, सगळं उजव्या अंगठ्याने. प्रश्न एवढाच, की अक्कांनी त्याला हात लावायचा कसा? सांगून त्या ऐकणाऱ्यातल्या नव्हत्या. पण त्यांची एक नाडी बिब्ब्याच्या हातात होती. दार चुकीच्या बाजूला उघडणारं कपाट दिसलं की अक्का समोरच्याचा हात झटकून माउस हिसकावायच्या. समोर मालक असोत की मालकांचे वडील.

शनिवारी संध्याकाळी मालक म्हणाले, "मी जरा घरी नेऊन बघतो हा." बिब्ब्याने खुशाल नेऊ दिला. ज्या माणसाला प्रिंटरमध्ये कागद घालता येत नाही, तो बघून बघून काय बघणार?

सोमवारी माउस परत आला, आणि त्याच्या पाठोपाठ गिऱ्हाईक. नवरा, बायको आणि बायकोचा भाऊ. फ्रिज कुठे ठेवायचा यावरून नवरा आणि मेहुणा यांचं घरूनच पेटलेलं होतं.

"खिडकीखाली कोणी फ्रिज ठेवतं का?" मेहुणा म्हणत होता.

"स्वयंपाकघर माझं आहे."

"बहीण माझी आहे."

बहीण छताकडे बघत होती.

बिब्ब्याने मोठा पडदा त्यांच्याकडे वळवला, नवा माउस हातात घेतला आणि कीबोर्ड गुपचूप खणात सरकवला. मग फ्रिज काढला, पण असा, की त्याचं दार उघडलं तर थेट भिंतीवर आपटावं. शेजारी अक्कांनी घसा खाकरला. बिब्ब्याने एक कपाट काढलं, त्याचं दार सिंकवर. अक्कांची खुर्ची करकरली. त्याने कपाटाला नाव द्यायची चौकट उघडली, ती तशीच उघडी ठेवली आणि सावकाश, प्रेमाने, दुसऱ्या कपाटाचं दार शेगडीवर उघडलं.

"अरे, हात काढ! लोकांची घरं जाळणार आहेस का?" अक्का आल्या आणि माउस हिसकावलाच.

बिब्बा मनात नाचला. अक्कांनी एका झटक्यात फ्रिजचं दार फिरवलं. मग डावा हात सवयीने कीबोर्डाकडे गेला. "कीबोर्ड कुठाय?"

"जागा नव्हती म्हणून ठेवला आत. अंगठ्याखालचं पहिलं दाबा ना, मागचं सगळं पुसलं जाईल."

गिऱ्हाईक समोर बसलेलं, वाद घालायची वेळ नव्हती. अक्कांनी दाबलं.

कपाटाच्या नावाच्या चौकटीत, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत, भराभर अक्षरं उमटली: हरलास रे मेहुण्या!

अक्कांनी पुसायला पुन्हा दाबलं. हरलास रे मेहुण्या! घाईने खालचं दाबलं. शेपूट घालून पळ आता!



"हे कोणी लिहिलं?" मेहुणा उभा राहिला.

"मी नाही," नवऱ्याचा चेहरा उजळून निघाला होता. "पण ज्याने लिहिलं त्याला माणसांची पारख आहे."

"भाऊजी, बाहेर या तुम्ही."

"चल की, घाबरतो काय!"

दोघे बाहेर फुटपाथवर गेले आणि काचेपलीकडे हातवारे सुरू झाले. बायकोने पर्स मांडीवर घेतली. "गेले एकदाचे. हं, आता लिहून घ्या. फ्रिज दाराशी, आणि मला एक उंच कपाट हवंय ज्यात या दोघांचा हात पोचणार नाही." रंगवालीने तिला हळूच आपल्या टेबलाकडे नेलं.

इकडे अक्का लालबुंद. "बिब्ब्या! गिऱ्हाइकासमोर? माझ्या हातून?"

"याला काही लाज?" अण्णा म्हणाले.

 बिब्ब्याने आयुष्यात एकदाच, अगदी एकदाच, बिनखोडीचं काम केलं होतं, आणि ते सांगावं तर कोण ऐकणार? आयुष्यभर 'लांडगा आला रे' ओरडलेल्या माणसाने आता मेंढरू दाखवून उपयोग काय! शिवाय खरं सांगायचं तर अक्कांची करंगळी सगळ्यांसमोर मांडावी लागली असती.

तेवढ्यात त्याचं लक्ष दारात उभ्या मालकांकडे गेलं. मालकांचे कान टोमॅटोसारखे झाले होते. रविवारभर आपल्या मेहुण्याशी कॉम्प्युटरवर पत्ते कुटणारा माणूस ऑफिसात एकच होता. 'येथे पत्ते खेळू नयेत' ही भिंतीवरची पाटीही त्यानेच लावली होती.

बिब्ब्याला वाटलं, आता मालक बोलतील. मालक बोलले. "जाऊ द्या अक्का, तुमचा दोष नाही. नवीन गोष्टींची सवय नसते या वयात. मी म्हणतच होतो, उद्यापासून तुम्ही पुढे काउंटरवर..."

अक्कांचा चेहरा एकदम विझला. भांडायला तोंड उघडलं होतं ते तसंच मिटलं, आणि डावा हात बाहीत गेला.

"अक्कांचा काय संबंध?" बिब्बा ओरडला. "मी केलं. खोडी माझी आहे. मस्त जमली की नाही?" आणि मालकांच्या डोळ्यांत डोळे घालून म्हणाला, "मालक, शिक्षा काय ती केबिनमध्ये द्या. चला."

केबिनचं दार लागल्यावर बिब्बा न विचारता खुर्चीत बसला.

"रविवार कसा गेला, मालक?"

"कसा म्हणजे? बरा."

"मेहुणा हरला?"

मालकांनी दार नीट लागलंय ना ते बघितलं. "अरे, मला काय माहीत! मला वाटलं घरी शिकवलेलं घरीच राहतं."

"शिकवलेलं माउसच्या पोटात राहतं. त्याला घरी न्या, सासरी न्या, तो पोटातलं सोबत घेऊन फिरतो. आणि तुम्हाला हे जमलं कसं?"

"आमच्या पोरीने दाखवलं," मालक पुटपुटले. "प्रत्येक डावाला टाइप करायला वेळ कुठे मिळतो? बिब्ब्या, बाहेर बोलू नकोस. अण्णा ती पाटी काढून माझ्या गळ्यात घालतील."

"नाही बोलत. शपथ. पण माउस अक्कांच्या टेबलावर राहणार, आणि अक्का त्यांच्या खुर्चीत. काउंटरचं नाव पुन्हा काढायचं नाही."

"बरं." मालक थोडे सावरले. धंदेवाला माणूस, शेवटी हिशेबात पक्का. "पण मग काउंटरवर कोण? गिऱ्हाइकाचा भाऊ रुसलाय. कोणाला तरी शिक्षा झालेली दिसली पाहिजे ना. आणि गुन्हा तर तू आत्ताच सगळ्यांसमोर कबूल केलास."

इतका पुढचा विचार बिब्ब्याने केला नव्हता. लोकांच्या पायाखालची सतरंजी ओढता ओढता आपण तिच्यावरच उभे होतो, हे त्याच्या आत्ता लक्षात आलं. त्याने काचेतून आपलं टेबल एकदा बघून घेतलं.

"मी बसतो," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी बिब्बा काउंटरवर. या बसा, पाणी घेता का. अक्का सकाळी आत जाताना त्याच्याकडे न बघता गेल्या. जेवणाच्या सुट्टीत अण्णा मुद्दाम येऊन दोनदा पाणी मागून गेले.

दुपारी गर्दी ओसरली तेव्हा अक्का बाहेर आल्या. माउस शेपटीला धरून लोंबकळत आणला होता.

"घाण काढ यातली. मालक म्हणतात वापरा, वापरा. याने तर नुसत्या शिव्या येतात."

बिब्ब्याने माउस काउंटरच्या कॉम्प्युटरला जोडला. मेहुण्याला घालवलं. मग एकेक बटण घेऊन शिकवू लागला. पुसायचं वर, त्याखाली कॉपी, दार उलटं फिरवायचं अंगठ्याच्या अगदी टोकाशी, कारण ते अक्कांना सारखं लागतं. मान खाली, काम चालू. अक्का त्याच्या खांद्यावरून एकेक बटण बघत होत्या.

"मला विचारलं नाहीस, कुठल्या बटणाला काय हवंय ते."

बिब्ब्याचा हात थांबला. "अंदाजाने करतोय."

"अंदाजाने बाराच्या बारा? जिथे जिथे माझी करंगळी लागते, नेमकं तेवढंच?"

बिब्ब्याने रस्त्यावरून चाललेल्या एका सायकलवाल्याकडे फार निरखून बघितलं.

"आणि कालचं म्हणशील," अक्का स्टूल ओढत म्हणाल्या, "तर तुझी खोडी एवढी भंगार नसते. तू केलं असतंस तर मीही हसले असते. कोणाचे कान पेटले होते ते मलाही दिसत होतं, चष्मा काय शोभेला लावते?"

"मी शपथ घेतलीय, अक्का."

"मी कुठे विचारतेय? हे तिसरं जरा अलीकडे घे, अंगठा पोचत नाही." त्यांनी डावा हात बाहीतून काढला आणि खुशाल काउंटरवर ठेवला, पट्ट्यासकट. मग आजूबाजूला बघून आवाज खाली आणला. "मालकांनी आणखी माउस मागवलेत म्हणे. उद्या येतायत. पहिला त्यांच्याच टेबलावर जाणार."

"मग?"

"मग एक सांग. दाबलं एक आणि लिहून आलं भलतंच, हे कसं शिकवतात त्याला?"

काचेचं दार ढकलून एक गिऱ्हाईक आत आलं.

"बसा, पाणी घ्या," बिब्बा त्याच्याकडे न बघता म्हणाला, "आम्ही जरा महत्त्वाच्या कामात आहोत." आणि त्याने पडदा अक्कांकडे वळवला.