मामांनी बोलायचं होतं

आमच्या घराण्यात कुणाचं लग्न ठरवायचं असो, कुणाचं भांडण मिटवायचं असो की कुणाला माती द्यायची असो, उभं राहून बोलायचं काम जाइलोसीमामांचं. आई त्यांची थोरली बहीण, आणि आमच्याकडे बहिणीच्या मुलांवर हक्क मामाचा. बाप असतो, त्याला मानही असतो, पण चारचौघांत शब्द मामाचाच चालतो.

मामांचं पोटही आवाजावरच चालायचं. लिलॉन्ग्वे शहराच्या तंबाखूबाजारात ते लिलाव पुकारायचे. गाठींच्या रांगेतून झपाझप चालत, दम न घेता असे आकडे म्हणायचे की नवख्याला ते गाणंच वाटावं. घरी आले की फालेसीमामी म्हणायची, "आता गप्प बसा जरा, इथे कुणी तंबाखू विकत नाही." मग मामा तिच्या भाजीचाच लिलाव पुकारायचे, आणि आम्ही भाचरं पोट धरून हसायचो.

दोन वर्षांपूर्वीच्या हंगामात त्यांची जीभ जड पडायला लागली. सकाळी ठीक असायचं, पण दुपार कलली की तोंडात गरम न्सिमाचा, मक्याच्या घट्ट उकडीचा, गोळा धरून बोलावं तसे शब्द यायचे. डावी पापणी अर्ध्यावर उतरायची. एकदा भर लिलावात आकडा तोंडातच विरघळला आणि व्यापारी हसले. मुकादमानं बाजूला घेऊन तोंडाचा वास घेतला. मामा चर्चमधले वडीलधारे, उभ्या आयुष्यात थेंब घेतला नव्हता. वास आला नाही तरी मुकादम म्हणाला, "हल्ली वास न येणारीही मिळते म्हणे." हंगाम संपायच्या आत मामा घरी बसले.

त्याच सुमारास माझ्या बहिणीचं, तादालाचं, जुळत आलं. मुलगा सलिमाकडचा, तळ्यावरच्या मासेवाल्यांच्या घरातला. आमच्याकडच्या साखरपुड्यात दोन्हीकडचे मामा समोरासमोर उभे राहतात. मुलाचा मामा म्हणतो, तुमच्या अंगणात एक कोंबडी पाहिली, ती मागायला आलोय. मुलीच्या मामानं त्याला खेळवायचं असतं, कसली कोंबडी, आमच्याकडे पुष्कळ आहेत, असं म्हणत. लोक त्या खेळासाठीच येतात. त्यात मामांचा हात धरणारा कुणी नव्हता.

मुलाकडचे मामा काम्वेंडो म्हणून होते, लठ्ठ आणि मिस्कील. त्यांनी कोंबडीचा विषय काढला. आमचे मामा उठले, दोन वाक्यं छान बोलले, तिसऱ्यात अडखळले. चौथं कुणाला कळलंच नाही. मामांनी पुन्हा प्रयत्न केला. नाकातून आवाज निघाला, थोडी लाळ गळली, मान पुढे झुकली.

काम्वेंडो म्हणाले, "आमच्या आधी दुसऱ्याच कुणी पाहुणचार केलेला दिसतो."

सगळा मांडव हसला. पण मुलाकडच्या बायका हसल्या नाहीत, त्या उठल्या. जाताना मुलाची आत्या माझ्या आईला म्हणाली, "एनेलेसबाई, मुलगी गुणाची आहे. शुद्धीतला माणूस मिळाला की बोलवा आम्हाला."

चर्चनं मामांना प्रभुभोजनाला बसायची मनाई केली. मामा जितकं समजवायला जायचे तितकी जीभ वळायची नाही, आणि लोकांची खात्री पटत जायची. आई त्यांना एका वैदूकडे घेऊन गेली. आवाजावर कुणाची तरी नजर होती, असं त्यानं सांगितलं. गळ्याला ब्लेडनं बारीक चिरा देऊन त्यात काळी पूड चोळली. मामा कधी असल्या दारात गेले नव्हते. त्या दिवशी खाली मान घालून बसले आणि गळा पुढे केला.

मग एके दिवशी जेवताना घास अडकला. मामांना खोकताही येईना. मामीनं पाठीत धपाटे घालून तो कसाबसा बाहेर काढला. मी शेजाऱ्याचा पिकअप मागून आणला आणि आम्ही त्यांना लिलॉन्ग्वेच्या मोठ्या दवाखान्यात नेलं.

तिथे म्सिस्का नावाच्या डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी मामांना वर छताकडे बघत राहायला सांगितलं. बघता बघता दोन्ही पापण्या खाली आल्या. बाईंनी रबरी हातमोज्यात बर्फ भरला, गाठ मारली आणि डाव्या डोळ्यावर धरला. थोड्या वेळानं काढला तर ती पापणी उघडी होती, पूर्वीसारखी. दुसरी तशीच मिटलेली.

मामी खुर्चीतून उठली. "बरे झाले?"

"नाही हो," बाई म्हणाल्या. "गार केल्यानं घटकाभर उघडते. मला फक्त बघायचं होतं." मग रक्त तपासलं, एक गोळी देऊन पाहिली, आणि आजाराचं नाव सांगितलं, मायस्थेनिया. "रोगांशी लढणारं जे सैन्य आपल्या अंगात असतं, ते यांच्याच अंगावर उलटलंय. मेंदूचा हुकूम स्नायूंपर्यंत पोचू देत नाही. जितकं बोलतील तितकी जीभ थकेल."

मामीनं विचारलं, "म्हणजे कुणी काही केलेलं नाही?"

"नाही."

"आणि दारू?"

"दारूचा काही संबंध नाही."

मामीनं कमरेला गुंडाळलेल्या चितेंजेचा पदर तोंडावर घेतला आणि ती रडायला लागली. मला वाटतं, त्या सगळ्या काळातला तोच एक बरा क्षण. गोळीनं मामांची जीभ मोकळी झाली होती. त्यांनी स्वच्छ आवाजात विचारलं, "बाई, हे जाणार कधी?"

बाई म्हणाल्या, "आटोक्यात राहील. जाणार नाही. गोळ्या कायम घ्यायच्या. श्वास जड झाला तर तसंच उठून इकडे यायचं, वाट बघायची नाही."

मामा म्हणाले, "नाव नव्हतं तेव्हा निदान जाईल असं वाटायचं."

ती गोळी अर्ध्या तासात लागू पडायची, काही तास टिकायची आणि उतरायची. बाईंनी जेवणाआधी घ्यायला सांगितली होती, घास गिळता यावा म्हणून. दुसऱ्या एका औषधानं मामांचं तोंड सुजून चंद्रासारखं झालं. शिवाय ती मुख्य गोळी आमच्या दवाखान्यात मिळतच नसे. शहरातल्या एका औषधवाल्याकडे यायची, तीही कधीतरी. मी गेलो की तो लांबूनच हात हलवायचा, नाही म्हणून.

मी सलिमाला जाऊन काम्वेंडोंना खरं काय ते सांगितलं. माणूस मनानं वाईट नव्हता. म्हणाला, "मी त्या दिवशी बोललो ते मागे घेतो. तारीख काढा. मामांनीच बोलायचं."

मामांना सांगितलं तर प्रथमच त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं. ते आरशासमोर उभे राहून कोंबडीची वाक्यं म्हणू लागले. पण गोळ्या संपत आल्या होत्या आणि औषधवाला हात हलवतच होता. मामीच्या लक्षात आलं की मामा जेवणाआधी गोळी घेतच नाहीत. नुसती पातळ पेज पितात, तीही मान मागे टाकून, आणि गोळी खिशात ठेवतात.

"मरायचंय का तुम्हाला?" मामी म्हणाली. "त्या कोंबडीपायी?"

"एकदा बोलू दे," मामा म्हणाले. "एकदा नीट बोललो की झालं."

मामीनं माझ्याकडे बघितलं.

साखरपुड्याच्या दिवशी मामांनी लिलावातला जुना कोट घातला. पाहुणे येण्याच्या बेतानं त्यांनी गोळी घेतली. आवाज आला. काय आवाज आला म्हणून सांगू. मांडवात फिरून त्यांनी बायकांची थट्टा केली, थोब्वाच्या, मक्याच्या गोड पेयाच्या, घागरीचा लिलाव पुकारला. तादाला खिडकीतून ऐकत होती, हसत होती आणि डोळे पुसत होती.

पाहुणे आले नाहीत. सलिमाच्या रस्त्यावर त्यांची मिनीबस बंद पडली होती. ऊन माथ्यावर आलं. मामांनी बोलणं थांबवलं, आवाज राखायला. मग सावलीत जाऊन बसले. खिशातली उरलेली एक गोळी त्यांनी घेतली. मामी जवळ बसून वारा घालत होती. ऊन उतरलं, बायकांनी भात पुन्हा गरम केला.

पाहुणे ओरडत, गात आले तेव्हा मामांच्या दोन्ही पापण्या खाली आल्या होत्या. हनुवटी त्यांनी तळहातावर धरून ठेवली होती. काम्वेंडो थेट त्यांच्यासमोर आले आणि वाकून म्हणाले, "मामा, चुकलो. गाडीनं घात केला. तुम्ही बसूनच बोला."

मामांनी तोंड उघडलं. काहीच आलं नाही. त्यांनी माझं मनगट पकडलं आणि मला पुढे ढकललं. ढकलण्यातही जोर नव्हता, मीच उठलो.

मी बोललो. कसली कोंबडी, आमच्याकडे पुष्कळ आहेत, म्हणालो. दोनदा चुकलो. काम्वेंडोंनी सांभाळून घेतलं, लोकही हसायच्या जागी हसले. साखरपुड्याची खूण म्हणून कोंबडा आणि कोंबडी यांची देवघेव झाली, बायकांनी आरोळ्या दिल्या. मामा तसेच हनुवटी धरून बसले होते. गालावरून पाणी येत होतं. पापण्या पुरत्या मिटत नसल्या की त्यांच्या डोळ्यांना तसंही पाणी यायचं, पण पापण्या तर मिटलेल्या होत्या.

रात्री त्यांचा श्वास जड झाला आणि आम्ही त्यांना पुन्हा दवाखान्यात नेलं. वाचले. पुढे गोळ्याही आल्या, आणि तादालाचं लग्न झालं. लग्नात मामा मागच्या बाकावर बसले. चर्चचे वडीलधारे माफी मागायला घरी आले. मामा "बसा" म्हणाले आणि त्यापुढे काही नाही. ती मंडळी थोड्या वेळानं उठून गेली.

आता मयतीला, लग्नाला लोक मलाच बोलावतात. सुरुवातीला मी मामांना विचारायला जायचो, अशा वेळी काय म्हणायचं म्हणून. गोळी घेतलेली असताना, आवाज चांगला असताना एकदा ते म्हणाले, "तुला वाटेल ते म्हण, यामिकानी. मला विचारत जाऊ नकोस."

मामी चुलीपाशी मला सांगते, "गोळी लागू पडल्यावर तरी माझ्याशी दोन शब्द बोला, म्हणते मी. म्हणतात, ती ताकद गिळायला लागेल." मग ती ताट वाढून नेते आणि त्यांच्यासमोर बसते. स्वतः जेवत नाही. मामा घास तोंडात घालतात, आणि तो खाली उतरेपर्यंत ती त्यांच्या गळ्याकडे बघत राहते.