पुढे लावलेली वेळ

“केणे सर, हे मला आत घेतच नाय ओ! काल याच पासवर्डनी चाललेलं.”

फोनवर भागीरथी सिस्टर होत्या. त्यांच्यामागे कुणाचं तरी मूल रडत होतं.

“मॉनिटर बंद करून चालू नका करू, सिस्टर. बघतो,” हितेश केणे म्हणाला आणि फोन ठेवतो न ठेवतो तोच दुसरा वाजला.

शहाडच्या या हॉस्पिटलात पाळी नुकतीच बदलली होती. रात्रपाळीची माणसं आधीपासून आत होती, म्हणून त्यांचं भागलं. ती बाहेर पडली आणि दिवसपाळीच्या एकालाही लॉगिन होईना. रिपोर्ट आत अडकले होते आणि डॉक्टर बाहेर ताटकळत होते. नेमका हाच आठवडा! कॉम्प्युटरचं काम हितेशकडेच ठेवायचं की ठाण्याच्या एका कंपनीला द्यायचं, ते डॉ. शिवानी मॅडम ठरवणार होत्या.

लिनक्सच्या सर्व्हरवर एक सर्व्हिस चालते. दारावरच्या वॉचमनसारखी ती प्रत्येकाची ओळख पटवते आणि मग आत सोडते. आज ती उत्तरच देत नव्हती. हितेशने ती बंद करून पुन्हा चालू केली. चालू झाली, पण तशीच मुकी. नेटवर्क ठीक होतं, डिस्कवर जागा होती. शेवटी लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, एक ओळ सापडली : दोन्हीकडच्या वेळेत फार फरक आहे.

या वॉचमनचा एक हट्ट असतो. वॉर्डातल्या कॉम्प्युटरचं घड्याळ आणि त्याचं घड्याळ पाच मिनिटांहून जास्त चुकलं, तर तो सख्ख्या माणसालाही ओळख देत नाही.

हितेशने सर्व्हरची वेळ मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहिली. तंतोतंत. म्हणजे चूक वॉर्डाकडची. तो जिना चढून वर गेला, सिस्टरांच्या टेबलाशी वाकला आणि त्यांच्या कॉम्प्युटरची वेळ पुढे करू लागला.

“अहो, हे काय करताय?” भागीरथी सिस्टर म्हणाल्या. “बरोबर चाललंय की ते. भिंतीवर बघा, माझा मोबाइल बघा. तुमचंच धावतंय पुढे. लग्नाची घाई आहे का कुणाच्या?”

शेजारची दक्षता सिस्टर फिस्सकन हसली. हितेश भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत राहिला. मग मनगटाकडे. दहा मिनिटांचा फरक.

काल रात्रपाळी सुरू झाल्यावर सर्व्हर-रूमचा यूपीएस बंद पडला होता. मशिन पुन्हा सुरू झालं, पण वेळ सांभाळणारी आतली बारकी बॅटरी संपलेली असल्याने वेळ पार कुठल्या कुठे गेली होती. हितेशने घाईत ती हाताने लावली होती. मनगटावर बघून.

घड्याळ त्याच्या बायकोने, रतनने, पुढे केलेलं होतं. ती खाडीकाठच्या कोळ्यांची लेक. “भरती कोनासाठी थांबत नाय,” म्हणायची आणि त्याला दारापर्यंत पिटाळायची. तो चपलेत पाय घालू लागला, की हसून हात धरायची, “बसा. अजून टाइम हाय.” मग दोघं अर्धा अर्धा कप चहा घ्यायची. घड्याळ किती पुढे आहे, हे तिने कधी सांगितलं नाही. सांगितलं तर तुमी वजा कराल, म्हणायची. ती गेल्यावर ते पुढे आहे हे सांगणारंच घरात कुणी उरलं नाही. बस उशिरा येते, एवढंच त्याला अलीकडे वाटू लागलं होतं.

तो खाली गेला. सर्व्हरची वेळ मागे घेतली, सर्व्हिस पुन्हा चालू केली. वरून भागीरथी सिस्टरांचा फोन आला, “घेतलं बाई एकदाचं!”

मॅडम दारात उभ्या होत्या. “काय झालेलं?”

बॅटरी गेली होती, हे खोटं नव्हतं. तेवढंच सांगून भागलं असतं. हितेशने चष्मा पुसला.

“बॅटरी गेलेली, मॅडम. पण वेळ मी चुकीची लावली. माझं घड्याळ पुढे आहे.”

“तुमचं घड्याळ?” मॅडमना हसावं की चिडावं कळेना. “मीटिंगमध्ये मला हे सांगावं लागेल, केणे.”

“हो. सांगा.”

“आणि आधी ते घड्याळ नीट लावा.”

हितेशने नखाने घड्याळाची चावी बाहेर ओढली. काटा थांबला. मॅडम पाहत होत्या. मग त्याने चावी तशीच आत दाबली.

“सर्व्हरला नवी बॅटरी आजच बसवतो, मॅडम. वेळ पुन्हा हाताने लावणार नाही,” तो म्हणाला. “हे मात्र राहू द्या.”

मॅडम जिन्याकडे वळल्या.

संध्याकाळी तो थांब्यावर पोचला, तेव्हा बस यायला अवकाश होता. आज तो किती, हे त्याला ठाऊक होतं. समोरच्या टपरीवर त्याने चहा सांगितला आणि बाकावर जरा सरकून, शेजारी जागा ठेवून बसला.