सहावीचं पत्रक आणि साडेसहा मीटरचं आतडं

सहावीच्या बाईंना एकच भीती होती, आणि ती भीती शेजारच्या वर्गात खडू मोडत बसली होती. गणिताचे सर.

मुख्याध्यापिकांनी, म्हणजे मोठ्या बाईंनी, सत्राच्या आरंभीच बजावलं होतं, "गेल्या वर्षी पालक म्हणाले, सहावीत मुलं पेंगतात. सोमवारच्या पालकसभेत तुमच्या पत्रकावर एक जरी तक्रार आली, तरी वर्ग सरांकडे. तुम्ही ग्रंथालयात बसून धूळ झटका." हे ऐकून सर इतके गोड हसले, की बाईंनी हजेरीची वही छातीशी घट्ट धरली. त्या चाळीस मुलांवर त्यांचा जीव होता. देवाने ओंजळीत टाकलेली फुलंच ती. त्यातली चार-पाच जरा खाजकुयलीची, पण फुलंच.

आता पत्रकाचं सांगतो. 'या सत्रात मुलं काय शिकणार' हे त्या शाळेत एका कागदावर घरोघरी जायचं. कागदावर विषयांची नावं छापलेली आणि प्रत्येक नावाखाली रिकामी चौकट. मजकुराच्या पट्ट्या कापायच्या, चौकटीत खळीने चिकटवायच्या आणि प्रती काढायच्या. शुक्रवारी बाईंनी सगळ्या पट्ट्या नीट मांडल्या आणि खळ आणायला गेल्या. तेवढ्यात वर्गात डोकावले शिपाईमामा. बाईंना घाम आला असेल, म्हणून त्यांनी मायेनं पंखा लावला.

मंडळी, माया चांगली, पण पट्ट्यांना ती सोसत नाही. सगळ्या जमिनीवर! मामा तरुणपणी सुताराच्या हाताखाली होते. त्यांनी पट्ट्या वाचल्या नाहीत, मोजल्या. लांब पट्टी लांब चौकटीत, आखूड पट्टी आखूड चौकटीत, एक केसाची फट नाही. बाई खळ घेऊन येईपर्यंत मामांनी डिंकाने काम उरकून चाळीस प्रती चाळीस दप्तरांत घातल्या होत्या.

"तुम्ही बसा निवांत," ते म्हणाले. "झालं सगळं."

हा झाला पूर्वरंग.

सोमवारी सभेत बाईंनी पत्रक वाचायला हातात घेतलं आणि त्यांचे डोळे पांढरे झाले. मोठ्या बाई पहिल्या रांगेत, सर दाराशी. बाई तोंड उघडणार, इतक्यात भुवयांवर पीठ असलेले पाववाले उठले.

"भाषेच्या तासाला ज्वालामुखी: उद्रेकापूर्वीची लक्षणे," त्यांनी मोठ्याने वाचलं. "बाई, हे मला वेळेवर कुणी शिकवलं असतं, तर माझा संसार..."

"बोला की पुढं," शेजारून त्यांची बायको म्हणाली.

"हेच ते लक्षण," असं म्हणून ते खाली बसले.

"आणि शिवणात लढाया आणि तह घेतलेत ते बरं केलंत," कपडे शिवणाऱ्या ताई म्हणाल्या. "एका बाहीवरून माझ्या गिऱ्हाइकाशी तीन लढाया झाल्यात. तह तेवढा राहिलाय."

नळदुरुस्तीवाल्यांना तर उभं राहायचाही धीर नव्हता. ते आधीच उभे होते. "गणितात पचनसंस्था! आमचं पोरगं आकडा दिसला की पलंगाखाली जायचं. काल स्वतः दोरी घेऊन आलं. लहान आतडं साडेसहा मीटर म्हणजे बाबा किती? स्वयंपाकघरातून निघालो, जिन्यात पोचलो! मग विचारतं, दर अर्ध्या मीटरला एक वळण दिलं तर वळणं किती? मी जन्मभर नळ जोडतोय बाई, एवढं वळणांचं काम कधी अंगावर घेतलं नाही. त्याची आई कालपासून घास सावकाश चावतेय. म्हणते, लांबचा प्रवास आहे बिचाऱ्याचा."

शेवटी एक आजोबा उठले. खिशातून त्यांनी घडी घातलेला कागद काढला. "भूगोलात आजीला पत्र. आमची ही लेकीच्या बाळंतपणाला गेली आहे. नातवाने नकाशा उघडून लिहिलंय, 'आजी, तू दोन नद्या आणि एका डोंगराच्या पलीकडे आहेस. आजोबा रोज दारापर्यंत जातात आणि परत येतात.'" त्यांनी चष्मा पुसला. "मला वाटलं होतं, घरात कुणाचं लक्षच नाही."

मोठ्या बाई चक्क मान डोलावत होत्या. बाईंनी गप्प बसायचं, एवढंच काम उरलं होतं. पण खोट्यावर वर्ग राखला, तर फळ्यावर खरं लिहायचं कोणत्या तोंडानं? त्यांनी देवाचं नाव घेतलं आणि सांगून टाकलं.

"हे पत्रक चुकलंय. पट्ट्यांची अदलाबदल झाली. गणितात अपूर्णांक आहेत. भूगोलात ज्वालामुखी."

"चूक बाईंची नाही हो!" दाराजवळून मामा कळवळले. "मी लांबी बघून चिकटवलं!"

मग नळदुरुस्तीवाले म्हणाले, "म्हणजे गणितात आतडं नाही? मग माझी तक्रार आहे."

"माझीपण!" ताई म्हणाल्या. "तह करून घ्या, मग बोला."

"लिहून घ्या, तक्रार," आजोबा म्हणाले.

मोठ्या बाईंनी वही उघडली. "एक तक्रार म्हटलं होतं. इथे तर रांग लागली. शब्द म्हणजे शब्द. सर, सहावी तुमची."

सर छाती काढून पुढे आले.

"पण पालकांच्या मागणीप्रमाणे, पत्रकात छापलंय तसंच शिकवायचं," मोठ्या बाई पुढे म्हणाल्या. "गणितात पचनसंस्था. गाण्याच्या तासाला अपूर्णांक, तालासुरात."

सरांनी पत्रक वाचलं. पुन्हा वाचलं. छाती हळूहळू जागेवर गेली. "म्हणजे छेद समान करताना मी... गायचं?"

"टाळ्या मुलं वाजवतील."

"माझा घसा जरा नाजूक आहे," सर म्हणाले आणि इतक्या लगबगीने आपल्या वर्गाकडे वळले, की हातातला खडू तिथंच पडला. तो खडू मोठ्या बाईंनी उचलला आणि सहावीच्या बाईंच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी गणिताच्या तासाला साडेसहा मीटर दोरी वर्गातून निघून व्हरांड्यात गेली. दर अर्ध्या मीटरवर तीन-तीन मुलं वळण होऊन उभी. दोरीचं एक टोक 'तोंड' म्हणून बाईंच्या हातात, दुसरं पार पायरीपाशी शिपाईमामांच्या हातात.

"बाई," मामा लांबून ओरडले, "मी यातला कोणता भाग?"

चाळीस मुलं एकदम खाली बसली, पोट धरून.

"मामा," बाई डोळे पुसत म्हणाल्या, "तुम्ही आपले तास संपला की हात तेवढे धुवा."