अकरा ते बारा चिडीचूप

कोसिमाला नोकरी मिळावी म्हणून इटलीतल्या तारांतोच्या जुन्या गावातली एक अख्खी गल्ली तासभर गप्प बसली होती, असं पुलापलीकडच्या नव्या शहरात सांगितलं तर लोक हसतात. त्यांचं काही चुकत नाही. या गल्लीत माणसं झोपेतसुद्धा भांडतात. दुपारी दोन ते चार जेवून पडतात तेवढीच काय ती शांतता. बाकी सगळा दिवस खिडकीतून खिडकीत गप्पा, शिव्या, आणि कुणाच्या सुनेनं कालवणात मीठ जास्त टाकलं त्याची जाहीर चौकशी.

कोसिमाचं काम मात्र शांततेचं होतं. ती फ्रेंचची दुभाषी. नऊ वर्षं तिकडे उत्तरेत, तोरिनोला एका मोठ्या ऑफिसात होती. महामारीच्या वर्षी लॅपटॉप बगलेत मारून बापाकडे आली, ती परत गेलीच नाही. बाप काताल्दो धाकट्या समुद्रात, म्हणजे गावालगतच्या खाडीत, दोरांवर काळे शिंपले वाढवतो. पहाटे चारला होडी काढतो, दहाला घरी येतो. त्याच्या वरच्या खोलीत खिडकीशी टेबल टाकून ती तोरिनोचं काम करायची. गल्लीला हे काम काही उमजलं नव्हतं. समोरच्या लोरामावशीनं तर पहिलं वर्षभर तिच्याकडे वाटाण्याचा पास्ता पाठवला. पोरीची नोकरी गेली, लाजेनं सांगत नाही, खिडकीत बसून भिंतीशी बोलते, असा तिचा समज. कोसिमानं दोनदा खुलासा केला, आणि मग पास्ता चांगला होता म्हणून गप्प राहिली.

नोकरी खरंच गेली ती या वसंतात. ऑफिसनं फर्मान काढलं, सगळ्यांनी परत येऊन आपापल्या खुर्चीत बसा. कोसिमा गेली नाही. तोरिनोत एकदा ती चार दिवस तापानं फणफणली होती, आणि भिंतीपलीकडच्या माणसाचं नावही तिला ठाऊक नव्हतं. इथे सकाळी आठपर्यंत तिची खिडकी उघडली नाही तर खालून हाक येते, "मेलीस का गं?" प्रश्न वाईट आहे, पण विचारतं कुणीतरी.

पण नुसत्या हाकांनी पोट भरत नाही. दोन महिने फुटकळ भाषांतरं करून ती टेकीला आली. जुना साहेब म्हणाला, शनिवारपर्यंत हो म्हण, तुझी खुर्ची अजून रिकामी आहे. आणि त्याच आठवड्यात ब्रुसेल्सच्या एका कंपनीनं तिला चाचणीला बोलावलं. बेल्जियमच्या इस्पितळांत परभाषेतले पेशंट असतात, त्यांच्यासाठी घरी बसून दुभाषाचं काम. चाचणी गुरुवारी, अकरा ते बारा. खऱ्या डॉक्टरबरोबर, खऱ्या पेशंटबरोबर, आणि कंपनीच्या मादाम फेरलिंडन मध्ये बसून ऐकणार. नियम चार. खोलीत दुसरं कुणी नको. मागे कसलाही आवाज नको. डॉक्टर आणि पेशंट बोलतील तेवढंच बोलायचं, पदरचं काही घालायचं नाही. आणि स्वतःबद्दल अवाक्षर काढायचं नाही.

"अकरा वाजता?" काताल्दोनं कपाळाला हात लावला. "अकराला मासेवाला एजिदियो गाडी घेऊन येतो. अकराला लोरा त्याच्याशी भांडते. तू तोरिनोचं तिकीट काढ, पोरी."

असं म्हणाला खरं, पण तोंड फिरवून म्हणाला. संध्याकाळी कुणाला न सांगता तो समोरच्या जिन्यानं वर गेला. लोरामावशीला त्यानं काय सांगितलं देव जाणे. दुसऱ्या दिवशी ती बाई एकेका दारात उभी राहून दम देत होती. "गुरुवारी अकरा ते बारा जो तोंड उघडेल त्याच्याशी माझं वर्षभर बोलणं बंद!" काही जणांना ही शिक्षा आहे की बक्षीस, ते पटकन कळलं नाही. पण सगळ्यांनी मान डोलावली.

गाव करी ते राव न करी. गुरुवारी साडेदहाला कोपऱ्यावरच्या कुत्र्याला त्याच्या मालकिणीच्या नणंदेकडे पोचवलं गेलं. मासेवाल्या एजिदियोनं गाडीच्या चाकांना पोती गुंडाळली. पाळण्यातल्या एका तान्ह्याला आई समुद्राकडे फिरायला घेऊन गेली. कोसिमानं खिडकी लावता लावता खाली पाहिलं. लोरामावशी दारात खुर्ची टाकून, ओठ मिटून, पहारेकऱ्यासारखी बसली होती. तिनं वर बघून हातानंच खूण केली, बस, बस. कोसिमाला भरून आलं. असं कुणी आपल्यासाठी काही करावं, एवढं आपण कुणाचं काय केलं होतं?

अकरा वाजले. कानांवर यंत्र चढवलं, लाइन जोडली गेली.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, घाईत होत्या. पेशंट ओरात्सियो लोमास्त्रो, वय अठ्ठ्याऐंशी, पूर्वी खाणीत कामाला. बायको नाही, मूल नाही. तीन दिवसांपूर्वी घरात पडले. तेव्हापासून फ्रेंच बोलत नाहीत, खात नाहीत, कुणी हात लावला तर झिडकारतात, भिंतीकडे तोंड करून पडलेत. पोटात कुठेतरी रक्त साचतंय असा संशय आहे. कुठे दुखतं ते कळायला हवं, आणि ऑपरेशन करायचं तर त्यांचा होकार हवा. आजच.

"विचारा, कुठे दुखतंय."

कोसिमानं स्वच्छ, शाळेतल्या इटालियनमध्ये विचारलं. उत्तर नाही. दुसऱ्यांदा विचारलं. पलीकडे फक्त श्वास. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तीन दिवस हेच चाललंय."

घोडं इथेच पेंड खाणार असं दिसत होतं. तेवढ्यात म्हातारा पुटपुटला, स्वतःशीच. "आई गं, किती गार आहे इथे." आणि कोसिमाच्या अंगावर काटा आला. कारण ते तिच्या गल्लीतलं बोलणं होतं. तिची आजी थंडीत नेमकी अशीच म्हणायची, शब्द तेच आणि कुरकुरही तीच.

तिनं शाळेतली भाषा बाजूला ठेवली. "काका, कुठे दुखतंय तुम्हाला?"

खाट करकरली. म्हातारा वळला असावा.

"कोण बोलतंय?"

"मी दुभाषी, काका. डॉक्टरबाई विचारतात..."

"डॉक्टरबाईला घाल चुलीत. कुणाची गं तू?"

तारांतोत हा प्रश्न टाळता येत नाही. नाव, शिक्षण, पगार, काही न सांगता चालेल. पण कुणाची, हे न सांगणारा माणूस एकतर चोर असतो नाहीतर परगावचा. कोसिमाला चौथा नियम आठवला, आणि मादाम फेरलिंडन ऐकत आहेत हेही आठवलं. तिनं जीभ चावली. मग म्हणाली,

"काताल्दोची. शिंपलेवाल्या काताल्दोची."

"कुठला काताल्दो? गाव भरून काताल्दो आहेत."

"पोसिल्लो घराण्यातला. मधल्या रस्त्याच्या खालच्या अंगाला राहतो आम्ही."

"आणि तू आत्ता कुठून बोलतेयस?"

"घरातून. तारांतोतून."

म्हातारा कान देऊन ऐकत होता. मग असा काही खवळला की कोसिमानं कानांवरचं यंत्र जरा बाजूला केलं.

"खोटं! मला वेडा समजता काय सगळे? मधल्या रस्त्याच्या खाली, सकाळचे अकरा, आणि चिडीचूप? माणसं काय मेली सगळी? स्मशानातून बोलतेस का गं, भवाने? या नर्सांनी शिकवून आणलीय तुला. जा, सांग त्यांना, ओरात्सियो फसत नाही!"

आणि खाट पुन्हा करकरली. भिंतीकडे.

"काय म्हणाले ते?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

कोसिमाच्या तोंडचं पाणी पळालं. नियमाप्रमाणे आता एवढंच सांगायचं की पेशंटचा विश्वास नाही, तो बोलायला तयार नाही. वाक्य बिनचूक झालं असतं, चाचणीही कदाचित पार पडली असती. आणि म्हातारा भिंतीकडे तोंड करून गेला असता. शांततेचा हा तास गल्लीनं तिला पोटच्या पोरीसारखा जीव लावून दिला होता, आणि नेमका तोच आता आड येत होता. तिला हसू येईना की रडू येईना.

"एक मिनिट," ती फ्रेंचमध्ये म्हणाली, आणि उठून तिनं खिडकी सताड उघडली.

खाली गल्ली ओठ मिटून बसली होती. गुंडाळलेल्या चाकांची गाडी घेऊन एजिदियो चवड्यांवर चालत होता. पंधरावीस तोंडं एकदम वर वळली.

"लोरामावशी! ओरडा!"

लोरामावशीनं दोन्ही हात तोंडावर ठेवून जोरजोरात मान हलवली. नाही, नाही.

"ओरडा म्हणते ना! सगळे ओरडा! रोजच्यासारखं! भांडा काहीतरी!"

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. पोरीला ताणानं वेड लागलं, असंच सगळ्यांना वाटलं. काताल्दो तर जिन्याकडे धावायच्या बेतात होता. पण लोरामावशीनं तिच्या चेहऱ्याकडे एकदा नीट पाहिलं. मग हळूच खुर्चीतून उठली, पदर खोचावा तसा एप्रन सारखा केला, आणि एजिदियोकडे वळून पट्टीच्या आवाजात म्हणाली,

"काय रे मेल्या, हे शिंपले ग्रीसचे ना?"

ही शिवी तारांतोत कुठलाच मासेवाला गिळत नाही. आई काढलेली परवडली.

"ग्रीसचे? माझे शिंपले ग्रीसचे? काताल्दोनं पहाटे स्वतःच्या हातानं काढून दिलेत!"

"काताल्दोचं नाव पुढे करू नकोस! कालचे उकळले तर फेस आला फेस!"

"फेस तुझ्या तोंडाला येतो, पातेल्याला नाही!"

बांध फुटला. वरच्या मजल्यावरून कुणीतरी एजिदियोची बाजू घेतली, समोरून कुणी लोराची. एका बाईनं तेवढ्यात आपल्या नवऱ्यावर उगाचच ओरडून घेतलं, आयती संधी होती. अर्धा तास कोंडलेलं सगळं एकदम बाहेर पडलं. कोसिमानं कानांवरचं यंत्र काढून लॅपटॉप खिडकीच्या कठड्यावर धरला, आणि त्याच्या स्पीकरशी कान नेऊन ऐकत राहिली.

पलीकडून कसलासा घोगरा आवाज आला. ती घाबरली. म्हातारा हसत होता.

"उघडून बघ म्हणावं तिला," तो म्हणाला. "बाहेरून काय कळतंय? एक उघड, लिंबू पिळ, तोंडात टाक. तारांतोचा असेल तर जिभेला कळेल." मग आवाज बदलला. "पोरी, गल्लीत ऊन आलंय का गं?"

"आलंय, काका. समोरच्या दारापर्यंत."

"हां. अकराला तिथपर्यंतच यायचं." तो रडत होता. लपवत नव्हता. "डावीकडे दुखतंय. बरगडीखाली. पडायच्या आधीपासून दुखतंय. श्वास घेतला की खांद्यात कळ जाते. सांग त्या पोरीला. तिच्यावर मी फार ओरडलो."

कोसिमानं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी भराभर प्रश्न विचारले, त्यानं एकेकाला उत्तर दिलं. मधूनच खालचं भांडण ऐकायला थांबायचा. शेवटी ऑपरेशनचं विचारलं.

"कापा कुठे कापायचं ते," म्हातारा म्हणाला. "पण खिडकी लावू नकोस गं एवढ्यात."

ती लावली नाही. बारा वाजेपर्यंत दोघं ऐकत राहिले. मधेच त्यानं सांगितलं, अठराव्या वर्षी खाणीसाठी गाव सोडलं, ते परत आलोच नाही.

इस्पितळाची लाइन सुटली, आणि मादाम फेरलिंडन यांचा कोरडा आवाज आला. "तुम्ही चारपैकी तीन नियम मोडलेत."

"हो, मादाम." कोसिमाला वाईट वाटत होतं, पण पश्चात्ताप होईना.

"माझ्या फॉर्मवर मी तीन फुल्या मारल्या आहेत. अखेरच्या ओळीत विचारलंय, पेशंट बोलला का. तिथे मी 'हो' लिहिलंय." कागद सरकल्याचा आवाज झाला. "करार संध्याकाळी पाठवते. उद्या आठला त्यांचं ऑपरेशन आहे. परवा अकराला डॉक्टरांना तुम्हीच हव्या आहात. आणि त्या दिवसापुरता दुसरा, आवाजाचा नियम मी वाचलेला नाही."

कोसिमा जिना उतरून खाली आली तेव्हा गल्ली पुन्हा चिडीचूप झाली होती. सगळे शिक्षा व्हायची असल्यासारखे उभे होते. काताल्दोच्या हातात टोपी होती.

"आमच्यामुळे बिघडलं का गं?" लोरामावशीनं विचारलं. इतक्या हळू बोलताना तिला आजवर कुणी ऐकलं नव्हतं.

कोसिमानं मान हलवली, बोलायला गेली, आणि बोलता येईना म्हणून तिच्या गळ्यात पडली. मग एजिदियोच्या, मग बापाच्या. "मिळाली," एवढंच म्हणाली. "मी कुठे जात नाही. तुमचे उपकार मी कसे फेडू?" काताल्दोनं टोपीनं डोळे पुसले. बाकीच्यांनी फेडायच्या पद्धती लगेच सुचवायला सुरुवात केली, त्यात जेवणं फार होती.

"पण ओरडलो कुणासाठी?" लोरामावशीनं विचारलं.

"नाव सांगता येत नाही, मावशी. इस्पितळात आहे एक जण. आपल्यातलाच."

"लांब?"

"बेल्जियमला."

"जाऊन किती वर्षं झाली?"

"सत्तर."

लोरामावशीनं छातीवर क्रूसाची खूण केली. तो पुन्हा कधी ऐकणार आहे, तेही विचारून घेतलं. मग गल्लीकडे वळून म्हणाली, "ऐकलंत का रे? सत्तर वर्षं झालीत त्याला जाऊन. परवा जरा मोठ्यानं ओरडायला हवं."