‘नावाडी’ विमानाची फिर्याद

मी एक जुने विमान आहे. लांबीला वीतभर, प्लास्टिकचे आणि आयुष्यात एकदाही न उडालेले. हे सगळे मला ठाऊक आहे, मित्रांनो. तेव्हा ते समजावून सांगण्यासाठी कोणी पुढे येऊ नये. समजावून सांगणाऱ्यांनीच माझे वाटोळे केले आहे. मी आज जे बोलणार आहे, ते रागाने बोलणार आहे. राग गिळून गोड बोलायला मला कोणी शिकवले नाही आणि जिने मला घडवले, तिला स्वतःलाही ते कधी जमले नाही. नीट बसा, चुळबुळ थांबवा आणि ऐका.

माझे बालपण कपाटात गेले. घरातल्या मुलाला विमानांच्या प्रतिकृतींचा नाद होता. मुलगा म्हणजे चांगला पन्नाशीला टेकलेला, विमा कचेरीत मोठ्या टेबलामागे बसणारा गृहस्थ. पण ज्या घरात आई आहे, त्या घरात तो मुलगाच. शहरातल्या प्रतिकृती मंडळाचा तो चिटणीस होता. सुट्या भागांचे डबे आणायचे, त्यांवरची चित्रे न्याहाळायची, डबे एकावर एक रचायचे आणि कपाट लावून घ्यायचे, असा त्याचा छंद. डबा उघडणे हा त्या छंदाचा भाग नव्हता. अशाच एका डब्यात मी तुकड्यातुकड्यांनी पडून होते आणि डब्यावर लिहिल्याप्रमाणे मी बाँबफेके विमान होते.

डबा उघडला तो त्याच्या आईने. ती कवळ्या बनवीत असे. गल्लीच्या टोकाला दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना होता. तिथून लोकांच्या बोळक्या जबड्यांचे साचे तिच्याकडे येत आणि तिच्या खिडकीजवळच्या टेबलावरून दात लेवून परत जात. वयोमानाने काम कमी झाले होते, परंतु हात रिकामा ठेवणे तिला मान्य नव्हते. एके दिवशी तिने मुलाचे कपाट उघडले, मला बाहेर काढले आणि डब्यावरचे चित्र पाहून नाक मुरडले. चित्रात माझ्या पोटातून बाँब पडत होते आणि खाली एक शहर जळत होते.

“शी! हे काय जेवायच्या खोलीत ठेवायचं चित्र आहे?” ती म्हणाली.

सून शेजारी शेंगा सोलत बसली होती. बस आगारात ध्वनिक्षेपकावरून गाड्या पुकारणे ही तिची नोकरी. दिवसभर अख्ख्या शहराशी बोलणारी ही बाई घरी सासूशी मात्र किल्ली, दूध आणि इस्त्रीचे कपडे यांपलीकडे बोलत नसे. दोघींच्याही जिभेला धार होती आणि दोघींनाही ते पुरते ठाऊक असल्यामुळे त्या जपून असत. त्या दिवशी मात्र सुनेला राहवले नाही.

“आई, बाँब पडलेच नसते तर?”

“म्हणजे काय?”

“म्हणजे युद्धाच्या आदल्या दिवशी सरहद्दीवरच्या नदीलाच पूर आला असता तर? दोन्हीकडच्या फौजा टेकडीवर चढून बसल्यात, कुडकुडतायत. बंदुकांत पाणी. एकाकडे काडेपेटी, दुसऱ्याकडे चहा. मग कसलं आलंय युद्ध!”

सासूने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिले. आता हिची खरडपट्टी निघणार, असे मला वाटले. पण ती म्हणाली, “मग ह्या विमानांचं काय केलं त्यांनी? अर्धी बांधून झाली असतील ना कारखान्यात?”

मित्रांनो, मी जन्मले ते त्या प्रश्नातून. कारखान्याच्या साच्यातून तुकडे निघतात, जन्म नाही निघत.

त्यानंतर संध्याकाळचा चहा झाला की दोघी त्या टेबलाशी बसत आणि जगात कुठेही न घडलेला इतिहास घडवीत. त्या इतिहासात अर्ध्या बांधलेल्या बाँबफेक्यांची पोटे कापून तिथे रुंद दारे बसवली गेली. त्या दारांतून छपरांवर अडकलेल्या माणसांसाठी दोर, होड्या, औषधे आणि भाकरी सोडण्यात आल्या. पाण्यावरून माणसे पार नेणाऱ्या त्या विमानांना लोक ‘नावाडी’ म्हणू लागले आणि दोन्ही तीरांवरच्या लोकांनी ती एकाच रंगाने रंगवली. लखलखीत नारिंगी, म्हणजे ढगातूनही दिसावीत. पूर ओसरला तेव्हा युद्ध कशावरून होणार होते, हे सेनापतींना आठवेना.

हे सारे गुण्यागोविंदाने ठरले, असे मात्र समजू नका.

“वैमानिक पाण्याला भिणारा होता,” सून सांगे.

“पाण्याला भिणारा माणूस नावाड्यावर कशाला घेतील? काहीतरीच तुझं!”

“भितो म्हणूनच तो खाली बघत नाही. खाली बघत नाही म्हणून त्याचा हात हलत नाही.”

“हं. मग दोर सोडायला दुसरं कोणीतरी हवं. दार आणखी मोठं कापायला लागणार. तुझं बोलून होतं, कापायचं मला असतं!”

आणि ती कापी. कवळीच्या बारीक करवतीने तिने माझे पोट कापले, कपाटातल्याच दुसऱ्या डब्यातल्या मालवाहू विमानाचे दार त्यात बसवले आणि भोवतालच्या फटी कवळीच्याच गुलाबी मसाल्याने भरून काढल्या. रंगाखाली माझे पोट हिरडीच्या रंगाचे होते आणि याची मला यत्किंचितही लाज नव्हती. त्या हिरड्यांनी कितीतरी म्हाताऱ्या माणसांना पुन्हा चावता येऊ लागले होते.

मी खिडकीत उभे राहिले. दातांचे डॉक्टर साचे घेऊन आले की आधी माझ्यापाशी थांबत. “कुठल्या युद्धातलं हो हे?” त्यांनी एकदा विचारले. “न झालेल्या,” सासू म्हणाली आणि सून आत तोंडाला पदर लावून हसली. घरातल्या मुलाने मात्र मला कधी हातात घेतले नाही. त्याचे डोळे नेहमी नव्या डब्यांच्या यादीवर असत.

पुढे प्रतिकृती मंडळाचे प्रदर्शन जाहीर झाले. त्यात कोपऱ्यातले एक टेबल ‘असे घडले असते तर’ या कल्पनेसाठी राखून ठेवले होते. सुनेने माझे नाव त्या टेबलासाठी दिले. इतिहास ती सांगणार होती आणि सासू शेजारी उभी राहणार होती. एका टेबलामागे, लोकांसमोर, दोघी एकत्र! त्या घरात हे नवलच होते. सासूने त्यासाठी ठेवणीतले लुगडे काढून ठेवले. मुलाने एवढेच ऐकले की आई विमान ठेवणार आहे. कोणत्या टेबलावर, ते त्याने विचारले नाही.

प्रदर्शनाच्या तोंडावर सासूच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया निघाली. सून सोबतीला डोळ्यांच्या दवाखान्यात राहिली आणि मी घरात त्या गृहस्थाच्या तावडीत सापडले. त्याने मला पहिल्यांदाच नीट पाहिले. दिव्याखाली धरले, पुस्तकातल्या चित्राशी ताडून पाहिले आणि त्याचा चेहरा कळवळला. मारायला उठलेला माणूस परवडतो, मित्रांनो, कळवळलेला नको.

“अरेरे,” तो फोनवर बायकोला म्हणाला, “आईला दिसत नव्हतं गं बिचारीला! दोन डब्यांतले भाग एकात घातलेत. रंग तर बघवत नाही.”

“अहो, ऐका, ते तसंच—”

“तू काळजी करू नकोस. मी बघतो.” त्याने फोन ठेवला. मग त्याने बाही सारली आणि थिनर उघडले.

माझा नारिंगी रंग कापसाच्या बोळ्यांना लागून केराच्या डब्यात गेला. खालचा गुलाबी मसाला दिसला, तेव्हा तो चक्क हसला. “आईने विमानाला हिरड्या बसवल्या!” माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली, पण मला ना पाय ना तोंड. त्याने दार लुकणाने बुजवले, कानस मारून गुळगुळीत केले, मला फौजेच्या राखाडी रंगात बुडवले आणि पंखांखाली रांगेने बाँब चिकटवले. एवढे सगळे त्याने आईवरच्या मायेने केले. त्याच मायेचा मला सर्वांत जास्त संताप येतो, कारण तिला साधा एक प्रश्न विचारायची फुरसत नव्हती.

प्रदर्शनाच्या सकाळी त्याने मला कोपऱ्यात नव्हे, मधल्या मोठ्या टेबलावर ठेवले. परीक्षक भिंग घेऊन आले, पुस्तक उघडले आणि मान डोलावली. “अगदी बिनचूक!” माझ्यापुढे पहिल्या क्रमांकाची फीत ठेवण्यात आली. जळत्या शहराच्या चित्राबरहुकूम दिसण्याबद्दल मला बक्षीस मिळाले. याहून मोठी विटंबना मला माहीत नाही.

आणि मग त्या दोघी आल्या. सासूच्या डोळ्यावरची पट्टी आदल्याच दिवशी निघाली होती. ठेवणीतले लुगडे, सुनेचा हात धरलेला. कोपऱ्यातल्या टेबलावर माझी जागा रिकामी पाहून त्या मला शोधत मधल्या टेबलाशी पोहोचल्या. इतक्या वर्षांनी स्वच्छ दिसू लागलेल्या डोळ्याने सासूने माझ्याकडे पाहिले.

“आई, बघ!” मुलगा आनंदाने म्हणाला. “तुझं सगळं दुरुस्त केलं. पहिला नंबर!”

“दार कुठे आहे?”

“अगं, ह्या विमानाला दार नव्हतंच. तुझी गफलत झाली होती, पण आता कोणाला कळणारही नाही.”

“मला विचारलंस?”

“तुला वाईट वाटलं असतं म्हणून—”

“मला वाईट वाटू नये म्हणून तू मला आंधळी आणि खुळी ठरवलंस. असं ना?”

मुलगा बायकोकडे वळला. “म्हणजे दार मुद्दाम केलं होतं? त्यामागे काही गोष्ट होती, तर मला कोणी सांगितलं का?”

“सांगायला घेतली होती,” सून म्हणाली. गाड्या पुकारणारा तो आवाज सभागृहाच्या टोकापर्यंत गेला. “तुम्ही म्हणालात, आधी पाणी दे. पाणी दिलं. तुम्ही प्यालात आणि उठून गेलात. परवा फोनवर बोलत होते, तर फोन ठेवलात.”

सासूने टेबलावर पडलेली मुलाची पक्कड उचलली.

“बाई, मांडलेल्या वस्तूला हात लावता येत नाही,” परीक्षक म्हणाले.

“हे मला सांगताय? ज्याला सांगायला हवं होतं, त्यालाच बक्षीस दिलंत!” असे म्हणून तिने पक्कड माझ्या पंखाखाली घातली. टक्. एक बाँब पडला. टक्. दुसरा. सगळे पडेपर्यंत ती थांबली नाही. मग पिशवीतले कवळीचे कोरणे काढून तिने माझ्या पोटातले लुकण उकरले. कडा ओबडधोबड झाल्या, हिरडीचा रंग उघडा पडला, पण दार मोकळे झाले. फीत तिने परीक्षकांच्या हातात ठेवली आणि मला कोपऱ्यातल्या टेबलावर नेले.

मुलगा मागोमाग आला. उतरलेल्या चेहऱ्याने म्हणाला, “आई, दुपारपर्यंत परत नारिंगी करून देतो.”

“हात लावशील तर याद राख!”

“मग मी करू तरी काय?”

“तिथे खुर्ची आहे. बस. आणि ही बोलते ते शेवटपर्यंत ऐक.”

तो बसला. सुनेने इतिहास सुरू केला: पूर, टेकडीवरच्या फौजा, पाण्याला भिणारा वैमानिक. माणसे जमली. शेवटाकडे आल्यावर तिने त्या इतिहासाला तिथल्या तिथे नवे प्रकरण जोडले. कोणा एका हुशार अधिकाऱ्याला वाटले की नावाडी हे चुकून झालेले विमान आहे. कोणालाही न विचारता त्याने दारे बुजवली, राखाडी रंग दिला आणि बाँब लावले. तेव्हा कारखान्यातली एक म्हातारी पक्कड घेऊन आली.

“आणि त्या अधिकाऱ्याचं काय झालं?” मुलाने खालमानेने विचारले.

सुनेने सासूकडे पाहिले. सासू म्हणाली, “ते अजून ठरायचंय. कसा वागतो, ते बघू.”

त्या दोघींचे त्याच्याशी पुढे जुळले, तो आता बोलणे अर्धवट सोडून उठत नाही. तो त्यांचा घरगुती मामला. मी अजून माफ केलेले नाही. मी आजही राखाडी आहे, माझ्या दाराच्या कडा खरबरीत आहेत, आणि सासूच्या आज्ञेवरून कोणी त्या घासायच्या नाहीत.

मित्रांनो, धूळ बसली तर पुसा, पंख निखळला तर चिकटवा; तेवढ्याला माझी ना नाही. पण दुसऱ्याच्या हातची वस्तू तुम्हाला चुकलेली वाटली, तर कानस उचलण्याआधी तिच्या धन्याला विचारा. आणि उत्तर पुरे होईपर्यंत हात पाठीमागे बांधून उभे राहा.